आपट्याच्या कुळातलं

खालच्या फांद्यांना पान नव्हतं. तळहातावर मंजन घेऊन परसात उभा असलेला रंगनाथ दरंदले दात घासायचं विसरला आणि आपट्याभोवती एक फेरी मारून आला. वरच्या फांद्या धुळीने राखाडी झालेल्या असल्या तरी भरलेल्या होत्या, पण हात पुरेल तिथपर्यंत झाड भादरून काढल्यासारखं दिसत होतं. परवा-तेरवापर्यंत असं नव्हतं. की होतं, आणि आपणच बघितलं नाही? हा प्रश्न त्याला आवडला नाही, म्हणून त्याने तो लगेच सोडून दिला. पानगळ म्हणावी तर मार्गशीर्ष चालू होता. आपटा इतक्या लवकर पानं टाकत नाही, असल्या दुष्काळातसुद्धा नाही. शेळी म्हणावी तर शेळी ओरबाडते, कोवळे शेंडे आधी खाते, सालीला तोंड लावते. इथे शेंडे जागच्या जागी होते. पान न पान देठासकट खुडलं होतं आणि फांदी कुठेही पिचली नव्हती. म्हणजे माणूस. म्हणजे रोज थोडं थोडं, घरातल्यांच्या वेळा सांभाळून काम करणारा माणूस. धसमुसळ्या चोराचा राग येतो, नीटनेटक्या चोराची भीती वाटते. रंगनाथच्या मनात पाल चुकचुकली, आणि खरं सांगायचं तर त्याला थोडं बरंही वाटलं. संशय घ्यायला काहीतरी मिळालं की त्याची सकाळ जागेवर यायची. त्याने चूळ भरली, तीही बेतानेच, कारण नळाला पाणी उद्या येणार होतं.

संशय हा त्याचा धंदाच होता म्हणा ना. नगरच्या एका कॉलेजात तो वनस्पतिशास्त्र शिकवायचा आणि कित्येक वर्षं एकाच प्रजातीच्या मागे लागला होता. आपटा, कांचन आणि त्यांचे उष्ण देशांत पसरलेले शेंगाधारी भाऊबंद. पान मधोमध दुभंगलेलं, दोन पाती एकमेकांना चिकटलेल्या, म्हणून दोन पंडित भावांचं नाव या झाडांना मिळालेलं. पण तो झाडांवर लिहीत नव्हता, झाडांवर लिहिणाऱ्यांवर लिहीत होता. या प्रजातीवर आजवर कोणी काय संशोधन केलं, ते कुठून निघालं, कुठे वळलं आणि आता कुठे चाललं आहे, याचा एक मोठा आढावा. त्याच्या लेखी हा इतिहास सोपा होता. आधी नावं देणारे आले. ते बोटीतून उतरले, उन्हात भाजले, हिवतापाने कण्हले, पण झाडाखाली जाऊन उभे राहिले. एकाच झाडाला तिघांनी तीन नावं ठेवली आणि ती निस्तरण्यात पुढच्यांची आयुष्यं गेली, ते असो. झाड तरी बघितलं होतं. मग रसायनवाले आले. त्यांना झाड नको होतं, भुकटी हवी होती. साल, फूल, बी, जे मिळेल ते वाटायचं, उकळायचं, कागदावर रंगाचे ठिपके चढवायचे आणि एकेका ठिपक्याला नाव द्यायचं. आणि आता सशांवाले आले होते. ससा उपाशी ठेवायचा, त्याला काढा पाजायचा आणि रक्तातली साखर मोजायची. प्रत्येक टप्प्यावर माणूस झाडापासून आणखी लांब गेला, असं रंगनाथचं म्हणणं होतं, आणि प्रत्येक निबंध वाचताना तो समासात एकच प्रश्न लिहायचा : पान ओळखलं कोणी? बहुतेक वेळा कोणीच ओळखलेलं नसे. बाजारातून आणलेलं असे. दसऱ्याला अख्खं नगर कांचनाची पानं आपटा म्हणून एकमेकांच्या हातावर ठेवतं, सोनं घ्या म्हणतं, आणि कोणाला त्याचं काही वाटत नाही, तसंच हे. एकाने भलतंच पान उकळलं, दुसऱ्याने त्याचा आधार घेतला, तिसऱ्याने दुसऱ्याचा, आणि काही वर्षांत ते सत्य होऊन बसलं. हे धागे उसवत मागे मागे जाण्यात त्याला जो आनंद मिळे तो जेवण्यातही मिळत नसे. आढावा संपत नव्हता तो बहुधा त्यामुळेच.

"आक्का," त्याने स्वयंपाकघराच्या दारातून विचारलं, "परसात दुपारचं कोणी येतं का गं?"

"कोन येतंय?" मुक्ताबाई भाकरी थापता थापता म्हणाली. "कुत्रं बी येत न्हाई. पानी कुठंय त्याला प्यायला?"

मुक्ताबाई त्याची थोरली बहीण. गावातच, सोनईला नांदत असताना तिचा नवरा साप चावून गेला, आणि रंगनाथ शिकायला नगरला आला तेव्हा त्याला दोन घास करून घालायला म्हणून ती मागोमाग आली ती राहिलीच. त्याचं लग्न राहून गेलं. का राहिलं ते दोघांनीही कधी उकरून काढलं नाही. तिला साखरेचा आजार होता. रोज सकाळी पोटात काही जायच्या आधी ती दोन गल्ल्या ओलांडून डॉक्टरांच्या दवाखान्यात जायची, तिथला कंपाउंडर अलीम तिला सुई टोचायचा, आणि मांड्या चोळत ती परत यायची. सुई चुकवायची नाही, असं डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी रंगनाथला बजावलं होतं. सुई आहे तर या बाई आहेत. रंगनाथने ते ऐकलं होतं आणि मुक्ताबाई रोज पिशवी घेऊन बाहेर पडत होती, त्यामुळे जगात ज्या एका गोष्टीची त्याने कधी खातरजमा केली नाही ती हीच होती. त्याने ओगराळं माठात घातलं. ते खरखरत तळाला लागलं.

"काल संध्याकाळी भरला होता ना हा?"

"भरला हुता. पेलं."

"कोणी?"

"मानसांनी," ती हसून म्हणाली. "माठ काय पानी पितो व्हय?" तिने भाकरी तव्यावर टाकली, हात धुतले आणि दाराआडची पिशवी घेतली. "जाऊन येते सुई टोचून. भाकरी जळू देऊ नको."

ती जाताना तो बघत राहिला, पण त्याचं लक्ष माठात होतं. डावा पाय ती जरा जपून टाकत होती. नवी चप्पल चावत असेल. वाळली होती, पण त्या वर्षी कोण वाळलं नव्हतं? बहात्तर साल होतं, सोनईहून येणारा जाणारा प्रत्येक माणूस निम्मा होऊन यायचा. पानं जातात आणि पाणीही जातं. दोन्ही चोऱ्या एकाच घरात, एकाच सुमाराला होतात. याचा अर्थ कोणीतरी परसाच्या बाजूने आत येतं, पानं खुडतं आणि जाता जाता माठातलं पाणीही नेतं. तर्काला कुठेही भोक नव्हतं. भाकरी एका बाजूने जळली.

त्याचा पहिला संशय गोरक्षनाथवर गेला. गोरक्षनाथ त्याचा जुना विद्यार्थी, आता देवळाली प्रवराकडे एका नव्या संशोधन केंद्रात लागलेला, टेरिलिनचा शर्ट घालून दसऱ्याला सोनं द्यायला आला होता. पाया पडला, आणि मग परसात जाऊन आपट्याकडे नको इतका वेळ बघत उभा राहिला. "सर, आमच्याकडे ससे आलेत," असंही म्हणाला होता. तेव्हा रंगनाथ हसला होता. आता त्याला त्या वाक्याचा वेगळाच वास आला. त्याच दसऱ्याला इथल्या एका साप्ताहिकाच्या विशेष अंकात रंगनाथचा लेख आला होता, आयुष्यातला पहिला मराठी लेख, नाव ठळक छापलेलं. संपादक म्हणाले होते, सणाचा अंक आहे, आपट्यावर काहीतरी द्या, पण लोकांना कळेल असं द्या. मग त्याने दोन भावांची गोष्ट लिहिली, विड्यांना ही पानं चालतात ते लिहिलं, सालीच्या दोरखंडांबद्दल लिहिलं, आणि शेवटी लिहिलं की ब्राझील देशात आपट्याच्या कुळातल्या एका झाडाच्या पानांचा काढा साखरेच्या आजारावर देतात, आणि तिथल्या एका डॉक्टराने त्याचा गुण पडताळून पाहिल्याचं नमूद आहे. मूळ लिखाणात त्याने 'प्रजाती' लिहिलं होतं. संपादकांनी नाक मुरडलं. "प्रजाती म्हणजे कोणाला कळणार? कुळ लिहा." आपल्या शास्त्रात कुळ म्हणजे फार मोठा गोतावळा, त्यात हरभऱ्यापासून बाभळीपर्यंत सगळं येतं, हे त्याने सांगून बघितलं. पण कुळ शब्द कानाला बरा लागत होता आणि अंक छापायला जायचा होता. तो लेख गोरक्षनाथने वाचलाच असणार. ब्राझीलच्या झाडात आहे तर नगरच्या आपट्यात का नसेल, एवढं त्या पोराच्या डोक्यात यायला कितीसा वेळ? मग पानं हवीत, आणि ओळखलेल्या झाडाची हवीत, कारण ओळखल्याशिवाय पान वापरायचं नाही हे त्यालाच रंगनाथने शिकवलं होतं. डोंगरगणच्या बियांपासून आपल्या हाताने वाढवलेलं, नक्की आपटा असलेलं झाड अख्ख्या शहरात रंगनाथच्याच परसात होतं.  मग त्याला आठवलं की गोरक्षनाथने देवळाली प्रवराहून रोज थोडी थोडी पानं खुडायला एस्टीने येणं जरा अवघड आहे. पण माणूस ठेवता येतो. इथला, जवळचा माणूस.

बायडाबाई शेजारच्या खोलीत राहायची आणि दिवसभर दारात बसून विड्या वळायची. तिच्या सुपात पानांचा ढीग होता. कॉलेजला जाता जाता रंगनाथ तिच्यापुढे थांबला, वाकला, एक पान उचललं आणि उजेडात धरलं. शिरा तपासल्या. चुरगाळून वास घेतला.

"काय बघताय, सर? टेंभुर्नीचं हाय."

"हे आहे. खाली काय आहे?"

"खाली बी टेंभुर्नीच हाय." तिने कात्री खाली ठेवली. "का बरं?"

"आपट्याची पानंसुद्धा चालतात विडीला. परसात झाड आहे आमचं. कोणीतरी खुडतंय."

बायडाबाईला समजायला क्षणभर लागला. मग ती सूप बाजूला सारून उभीच राहिली. "आन् ते म्या, व्हय? अवो, कारखान्यातनं पान तोलून देत्यात आन् इडी बघून घेत्यात. तुमच्या झाडाचं एक पान जरी घातलं तरी उद्याच्याला मला दारात उभी करनार न्हाईत. माझ्यावर चोरी घालताय तुमी? शिकल्याली मानसं?"

"मी फक्त विचारलं."

"मला काय इचारता? तुमच्या घरातल्याला इचारा की आधी!"

ती जे बोलली त्याचा त्याने वाटेत नीट विचार केला आणि त्याला ते फारच सोयीचं वाटलं. पकडला गेलेला माणूस पहिलं बोट घरातल्याकडेच दाखवतो. शिवाय ती इतकी चिडली का? निर्दोष माणूस एवढा चिडतो का? दिल्ली दरवाजाशी येईपर्यंत त्याच्या मनात बायडाबाई आणि गोरक्षनाथ यांची ओळख झाली होती, ती कशी झाली तेवढंच ठरायचं राहिलं होतं. पाण्याच्या टँकरपुढे बायका हंडे लावून भांडत होत्या. माठ त्याच्या डोक्यात परत आला आणि रिकामाच राहिला.

दुपारी तास नव्हते. ग्रंथालयात आढाव्याचे कागद पसरून तो बसला, पण आज जुन्या लोकांच्या चुकाही त्याला रुचेनात. एका निबंधात सालीच्या काढ्याने सशांची साखर उतरली होती, दुसऱ्यात पानांच्या काढ्याने उतरली नव्हती, तिसऱ्याने दोन्ही वाचून मधलाच आकडा दिला होता. सशांना कोणी विचारलं? हा विचार इतका खुळचट होता की तो स्वतःशीच हसला, आणि हसताना कुठूनसं सोनईचं घर आठवलं. तो तेव्हा तिसरी-चौथीत असेल. पृथ्वी गोल आहे आणि ती फिरते, असं शाळेतून येऊन त्याने घरात सांगितलं तेव्हा सगळे हसले. चुलते म्हणाले, मग आपली विहीर उपडी कशी होत नाही? तो रडकुंडीला आला होता. एकटी मुक्ताबाई हसली नाही. "रंगा म्हनतो म्हंजी फिरत असंल," ती म्हणाली, आणि पुढे काही दिवस विहिरीवरून येताना डोक्यावरच्या घागरीला दोन्ही हातांनी धरून फारच सांभाळून चालली, जमीन फिरते आहे म्हणून. त्याला तेव्हा तिचा किती अभिमान वाटला होता, आणि पुढे कॉलेजात गेल्यावर तीच गोष्ट तो मित्रांना विनोद म्हणून सांगायचा. त्या दसऱ्यालाही तसंच झालं होतं. लेख त्याने तिला मोठ्याने वाचून दाखवला. संपादकांनी 'नमूद आहे' हे शब्द गाळून टाकले होते, एवढंच त्याला वाचताना खुपत होतं. तिने सगळं ऐकून घेतलं, एकही प्रश्न विचारला नाही, आणि उठून त्याला खीर वाढली. स्वतः मात्र खाल्ली नाही. तिला गोड खायचं नव्हतंच, त्यात नवल काही नव्हतं. कागद गोळा करताना त्याला वाटलं की आपल्याला एकदा तरी असा वाचक मिळाला, यात आपण समाधानी असायला हवं होतं.

संध्याकाळी चितळे रोडवर त्याला कोणीतरी हाक मारली. सायकल हातात धरून अलीम उभा होता, दवाखान्यातला कंपाउंडर.

"सर, ताईंचं दुसरीकडं चालू केलं का?"

"काय चालू केलं?"

"सुई. दसऱ्यापासून आल्याच नाहीत. डॉक्टर दोनदा म्हणाले, चौकशी कर. मला वाटलं, सिव्हिलला लावली असेल."

रंगनाथने त्याच्याकडे नीट बघितलं. हा खोटं बोलतो आहे. हा पहिला विचार होता, आणि तो इतका सराईतपणे आला की त्याची त्यालाच शिसारी आली. तरीही पुढचे आपोआप येत गेले. औषध संपलं असेल, यांनी पाणीच टोचलं असेल, आता अंगाशी येणार म्हणून ती येतच नव्हती असं म्हणतो आहे. बायडाबाई, गोरक्षनाथ, अलीम, तिघांना एका ओळीत उभं करून तो क्षणभर बघत राहिला. अलीम साधेपणाने उत्तराची वाट बघत होता. त्याच्या शर्टाला स्पिरिटचा वास येत होता. आक्का रोज सकाळी पिशवी घेऊन जाते. कुठे जाते? हा प्रश्न सुटा, एकटा आला, आणि त्याच्या मागोमाग बाकीचं सगळं कोणी न ओढता येऊन उभं राहिलं. घोटाघोटाने रिकामा होणारा माठ. हात पुरेल तिथपर्यंतच, तिच्या हाताच्या उंचीपर्यंत, फांदी न दुखवता खुडलेली पानं. ढगळ झालेला झंपर. जपून टाकलेला पाय. आयुष्यभर तो दुसऱ्यांच्या निबंधांतून मागे मागे जात चुकीचं मूळ शोधत आला होता. आज ते न शोधता सापडलं होतं, आणि त्याच्यावर त्याचं स्वतःचं नाव ठळक छापलेलं होतं. 

"डॉक्टर आहेत का आता?" त्याने विचारलं.

"आहेत ना. दिवेलागणीनंतरही बसतात."

"त्यांना थांबायला सांगा. मी आक्काला घेऊन येतो."

तो घरी आला तेव्हा मुक्ताबाई स्टोव्हपुढे बसून पातेल्यातलं काहीतरी फडक्यातून गाळत होती. हिरवट, तुरट वास घरभर होता. हा वास त्याला रोज संध्याकाळी येत होता, आणि शेजारी विड्यांचं काहीतरी चाललं असेल असं समजून तो रोज खिडकी लावून घेत होता.

"आक्का, काय आहे ते?"

ती दचकली नाही. उलट, लपवलेला लाडू पोराला सापडल्यावर आई हसते तशी हसली. "घावलं व्हय तुला? म्हनलं महिन्याभरानं सांगावं. आपट्याचा पाला हाय. सकाळ-सांजचं घेते."

"आणि सुई?"

"सोडली. मांड्या दगडावानी झाल्यात रं नुसत्या. सकाळच्याला देवळात जाऊन बसते घटकाभर, तुला कळू ने म्हून."

"मी ब्राझीलमधल्या झाडाबद्दल लिहिलं होतं, आक्का. ते झाड वेगळं. हा आपटा आहे."

"मला ध्यानात हाय सगळं. आपट्याच्या कुळातलं, आसं लिव्हलंय तू. कुळातलं म्हंजी भाऊबंदच की. एका रगताचं. थोरल्यात गुन हाय तर धाकट्यात नसंल व्हय?"

"कुळ म्हणजे तसं कुळ नव्हे गं. तो शब्दच माझा नाही, तो संपादकांनी—" तो थांबला. कुळ या शब्दाचा दुसरा कुठलाही अर्थ या घरात, या जिल्ह्यात, सोनईच्या त्या वाडीवर कधी नव्हता. "मला सांगितलं का नाहीस?"

"बरी झाले की सांगनार हुते." तिने पेला पुसला. बोलताना तिच्या तोंडाला कोरड पडत होती, जीभ टाळ्याला चिकटत होती. "तूच म्हनतो ना, पान कोनी वळखत न्हाई, आन् सशाला पाजत्यात. म्हनलं, हितं झाड तू लावल्यालं, पान तू वळखल्यालं, आन् मानूस बी घरचं. तुझ्या त्या मोठ्या लिवन्यात घालशील. मंग कोन खोटं म्हनंल तुला?"

रंगनाथ जमिनीवर बसला. त्याला तिचा संताप आला, आणि त्याहून जास्त, लाज वाटली, लहानपणी भर वर्गात चड्डी ओली झाली होती तशी. "पाय दाखव," तो म्हणाला. तिने डावा पाय लुगड्याखाली ओढला. त्याने तो धरून बाहेर काढला. करंगळीच्या बाजूचं बोट काळसर निळं झालं होतं, खाली चिघळलेलं होतं, आणि आपट्याच्या वासाखालून आता दुसरा वास आला.

"दुखत न्हाई," ती घाईने म्हणाली. "आदी दुखायचं. आता कायबी कळत न्हाई. म्हंजी बरंच व्हतंय की."

"चल. डॉक्टर थांबलेत."

"आत्ता न्हाई. एवढे दिस घेतलं ते वाया जाईल. पूसाचा महिना निगू दे."

त्याने तिला समजावलं. एकाच डॉक्टराने पाहिलंय, तेही फार वर्षांपूर्वी, म्हणाला. पुढच्यांना तसं आढळलं नाही, म्हणाला. आपट्यावर कोणी पाहिलेलंच नाही, ओळखलेलं पान म्हणजे सिद्ध झालेलं औषध नव्हे. वर्गात जे वर्षानुवर्षं सांगत आला ते सगळं त्याने स्टोव्हपुढे बसून सांगितलं आणि त्यातला शब्द न शब्द खरा होता. मुक्ताबाई मायेने ऐकत होती. तिच्या चेहऱ्यावर काडीचाही फरक पडला नाही.

"तुला सगळ्यांचाच संशय," ती म्हणाली. "आता सोत्तावर बी घ्यायला लागलास व्हय?"

तेव्हा त्याला कळलं की खरं सांगून हे होणार नाही. पृथ्वी फिरते म्हटल्यावर घागर धरून चालणारी ही बाई. त्याने जे सांगितलं त्यावर हिने एकदाही शंका काढली नव्हती, आणि शंका काढल्याशिवाय ती आता वाचणार नव्हती. दारात सायकलची घंटा वाजली. अलीम बोलवायला आला असावा.

"आक्का," तो म्हणाला, "मी खोटं लिहिलं."

"काय?"

"ते ब्राझीलचं. तसं काही झाड नाही. तसा डॉक्टर नाही. मी बसून रचलं."

 लेखातलं प्रत्येक वाक्य त्याने चार चार ठिकाणी ताडून पाहिलं होतं. आयुष्यात इतकं सरळ खोटं तो कधी बोलला नव्हता, आणि ते इतक्या सहज विश्वासाने ऐकून घेतलेलंही त्याने कधी पाहिलं नव्हतं.

"कशापायी?"

"नाव छापून यावं म्हणून."

"सनाच्या दिशी?" तिने एवढंच विचारलं. मग तिने पेला खाली ठेवला, स्टोव्हची हवा सोडली, आणि भिंतीला धरून उठली. त्याने हात पुढे केला तो तिने घेतला नाही. पिशवी मात्र सवयीने घेतली.

दवाखान्यात डॉक्टरांनी पाय दिव्याखाली धरून बराच वेळ बघितला.  सिव्हिलला आजच न्यायचं, म्हणाले, उद्यावर टाकायचं नाही; मी फोन करतो; आणि आतल्या खोलीत गेले. अलीम स्टोव्हवर सुई उकळत ठेवून टांगा बघायला एकाला पाठवून आला. मुक्ताबाई बाकावर पाय लांब करून बसली होती. तिला तहान लागली होती. अलीमने दिलेला पेला तिने एका दमात संपवला आणि दुसरा मागितला. रंगनाथ तिच्या शेजारी टेकला. त्याला काहीतरी बोलायचं होतं, आणि आजवर तिच्याशी बोलायला त्याला कधी शब्द शोधावे लागले नव्हते.

"काही होणार नाही, आक्का," तो म्हणाला. "पाय राहील. सुई चालू झाली की भरून येईल सगळं. थोड्या दिवसांत घरी."

ती त्याच्याकडे वळली नाही. समोर चिमट्याने सुई काढत असलेल्या अलीमकडे बघत तिने विचारलं, "भाऊ, ऱ्हातोय का पाय?"

अलीमचा हात थांबला. त्याने रंगनाथकडे बघितलं.

"त्याच्याकडं नका बघू," मुक्ताबाई म्हणाली. "त्याचं ऱ्हाऊ द्या. तुमी माझ्याकडं बघून सांगा."